वेशीपर्यंतची दवंडी



या अंकात मी निकालाविषयी लिहावे असे संपादक मंडळाने सुचवले होते. ते पुढच्या अंकात लिहीन. या वेळी मला एका चुकीविषयी लिहायचे आहे. चूक माझी आहे. ती आपल्या शाळेच्या संगणक जाळ्यावरून घडली, म्हणून थोडे तांत्रिकही लिहावे लागेल. मी बी.एस्सी. झाले ती इंदूरला, हिंदी माध्यमातून. संगणकशास्त्र मला वर्गात बसून कोणी शिकवले नाही. पुढे जे लिहिले आहे ते आपल्या संगणक शिक्षकांना चार-चारदा विचारून समजलेले आहे. विचारताना त्यांचा चेहरा कधी कधी त्रासिक होई, पण त्यांनी सांगितले मात्र सगळे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आठवी ब मधला टीव्ही हरवला. म्हणजे टीव्ही भिंतीवर जागच्या जागी होता, चालूही होत होता. पण शिक्षक आपल्या टॅबवरून धडा दाखवायला गेले की जी यादी येते, त्या यादीत त्याचे नावच नव्हते. सातवीचा दिसे, नववीचा दिसे, आठवी ब चा नाही. आता याच वर्गातल्या दोन मुलांनी जूनमध्ये मधल्या सुट्टीत या टीव्हीवर क्रिकेटचा सामना लावला होता आणि ते सापडले होते. तेव्हा समज देऊन सोडले होते. टीव्ही यादीतून गेला म्हटल्यावर माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. मी दोघांना बोलावले. त्यांनी "मॅडम, आम्ही काही केलं नाही" असे सांगितले. मी ते ऐकले आणि बाजूला ठेवले. दोघांना दोन तास कार्यालयाबाहेर उभे केले आणि दुसऱ्या दिवशी पालकांना घेऊन या असे सांगितले.

एकाची आई आली. दुसऱ्याचे वडील मसाटला सुताच्या कारखान्यात कामाला आहेत, ते अर्ध्या दिवसाचा पगार सोडून आले. माझ्यासमोर खुर्ची होती तरी ते बसले नाहीत. मी त्यांना सांगितले की मुलावर लक्ष ठेवा. ते "हो मॅडम" म्हणाले आणि गेले.

गुरुवारपर्यंत शाळेतले सहाही टीव्ही यादीतून गेले. मग ग्रंथालयाचा प्रिंटर गेला. तेव्हा माझ्या लक्षात आले की आठवीतली दोन मुले एवढे करू शकत नाहीत.

झाले होते ते असे. फेब्रुवारीत पूर्वपरीक्षेच्या वेळी कार्यालयाच्या प्रिंटरवर प्रश्नपत्रिका छापल्या जात होत्या. त्याच वेळी संगणक कक्षात बसलेल्या एका मुलीने आपल्या प्रकल्पाचे मुखपृष्ठ छापायला दिले. यादीत पहिले नाव दिसले ते तिने निवडले. ते नाव कार्यालयाच्या प्रिंटरचे होते. रंगीत फुलपाखराचे मुखपृष्ठ भूमितीच्या प्रश्नपत्रिकांच्या मधोमध बाहेर आले आणि ते घ्यायला ती मुलगी निरागसपणे कार्यालयात आली. तिने काही वाचले नाही याची मला खात्री आहे, पण खात्रीवर परीक्षा घेता येत नाही. त्या रात्री गणिताच्या शिक्षकांनी नवी प्रश्नपत्रिका काढली. त्यानंतर विश्वस्त मंडळाने ठरवले की कार्यालयाचे जाळे आणि मुलांचे जाळे वेगळे असले पाहिजे.

वेगळे करायचे म्हणजे नव्या तारा ओढायच्या असे मला वाटले होते आणि खर्चाच्या विचाराने मी घाबरले होते. तशी गरज नसते. ज्या खोक्यात सगळ्या तारा येऊन मिळतात त्याला स्विच म्हणतात. चांगल्या स्विचला सांगता येते की या भोकातली तार १० क्रमांकाच्या जाळ्याची, ही २० ची, ही ३० ची. मग खोके एकच असले तरी आतून ते तीन वेगळ्या खोक्यांसारखे वागते. अशा प्रत्येक भागाला व्हीलॅन म्हणतात. एका स्विचमधून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक संदेशावर त्या क्रमांकाची चिठ्ठी लागते, म्हणजे वाटेत सरमिसळ होत नाही. या चिठ्ठीचे जागतिक मानक १९९८ साली ठरले. क्रमांक १ ते ४०९४ पर्यंत कुठलाही घेता येतो. आपल्याला चार पुरले. कार्यालय १०, संगणक कक्ष २०, वर्गातले टीव्ही आणि ग्रंथालयाचा प्रिंटर ३०, शिक्षकांचे टॅब ४०.

वापीहून येणाऱ्या तंत्रज्ञाने हे काम शाळा सुरू झाल्यावर मजल्यामजल्याने केले. त्या मंगळवारी आठवी ब चा टीव्ही ४० मधल्या टॅबपासून वेगळा होऊन ३० मध्ये गेला. त्याच्या कामात काही चूक नव्हती. त्याला वेगळे करा म्हटले होते, त्याने केले. टीव्ही आणि टॅब यांनी एकमेकांना ओळखायचे कसे, हे त्याला कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

इथे मला इंदूरची मुनादी आठवली. लहानपणी आमच्या मोहल्ल्यात पाणी येणार नसले की एक माणूस डबा वाजवत ओरडत जाई. मराठीत याला दवंडी म्हणतात हे मला लग्नानंतर कळले. (सासूबाई हसल्या होत्या.) टीव्ही आणि प्रिंटर हेच करतात. चालू झाला की टीव्ही दवंडी पिटतो: मी आठवी ब चा टीव्ही, माझ्याकडे चित्र दाखवायची सोय आहे, माझा पत्ता अमुक. टॅबही मोठ्याने विचारतो: इथे कोणी टीव्ही आहे का? ज्याला ऐकू येते तो उत्तर देतो, आणि टॅबवरची यादी या उत्तरांतून तयार होते. कुठेही कायमची नोंदवही नसते. या पद्धतीला एमडीएनएस असे नाव आहे. सगळ्या दवंड्या २२४.०.०.२५१ या एकाच पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या दारावर दिल्या जातात. तो पत्ता कोणा एका यंत्राचा नसून चावडीसारखा आहे. ज्याला ऐकायचे तो तिथे कान लावून बसतो.

आणि नियम असा आहे की ही दवंडी वेशीबाहेर जात नाही. २२४.०.० ने सुरू होणारे पत्ते आपापल्या जाळ्यातच राहतात. एका जाळ्यातून दुसऱ्यात टपाल नेणारा जो राउटर असतो, तो हे पत्ते दिसले की पुढे नेत नाही. हा बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली रचना आहे, कारण ही पद्धत मुळात घरासाठी निघाली. घरात दोन संगणक, एक प्रिंटर; कोणाला काही जुळवाजुळव न करता ते एकमेकांना सापडावेत. ॲपल कंपनीने २००२ साली ती आपल्या संगणकांत आणली, २००५ साली तिचे नाव बदलून बाँजूर ठेवले (फ्रेंचमध्ये याचा अर्थ नमस्कार), आणि २०१३ च्या फेब्रुवारीत तिचे मानक आरएफसी ६७६२ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. घराला वेस एकच असते. शाळेला चार झाल्या की पंचाईत होते.

आपणच मागासलेले आहोत असे समजू नये म्हणून सांगते. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संगणक विभागांचेही नेमके हेच दुखणे होते. त्यांनी २०१२ साली ॲपलला जाहीर विनंतीपत्र दिले की वर्गात तुमची यंत्रे एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात दिसत नाहीत, काहीतरी करा. त्या सुमारास स्विच आणि वायफायची साधने बनवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या साधनांत दवंडी पुढे पोहोचवण्याची सोय द्यायला सुरुवात केली.

म्हणजे वेशीवर एक माणूस बसवायचा. तो ३० मधली दवंडी ऐकतो, वळतो आणि ४० मध्ये तीच पुन्हा देतो. पहिला असा माणूस आपल्या संगणक शिक्षकांनी फुकटात बसवला. संगणक कक्षातला एक मोडीत काढलेला संगणक होता. त्यावर त्यांनी लिनक्स घातले आणि अवाही नावाची प्रणाली चालू केली. अवाही हे मादागास्कर बेटावरच्या एका लेमूर प्राण्याचे नाव आहे, हे पाचवीच्या मुलांना फार आवडले. त्या संगणकाला एकाच तारेतून चारही जाळी दिली आणि एका ओळीत सांगितले की ऐकशील ते सगळीकडे परत सांग. अर्ध्या तासात टीव्ही यादीत परत आले. मी शिक्षक खोलीत पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंनी मला बोलावून संगणक कक्षातली यादी दाखवली. तिच्यात कार्यालयाचा प्रिंटर पुन्हा पहिल्या क्रमांकावर होता. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच नाव. वेशीवरच्या माणसाला आम्ही "सगळे सांग" म्हटले होते, तो सगळे सांगत होता.

शिक्षकांनी तेव्हा मला एक गोष्ट समजावली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नाव ऐकू येणे आणि तिथे जाता येणे या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. संगणक कक्षातून कार्यालयाच्या प्रिंटरला कागद पाठवून पाहिला, तो गेला नाही. कारण २० मधून १० मध्ये जाण्याचा रस्ता स्विचवर बंदच होता; दवंडी नेणाऱ्याने फक्त नाव नेले होते. उलटही होऊ शकते. सुरुवातीला टॅबवर टीव्हीचे नाव दिसे पण चित्र जात नसे, कारण नाव पोहोचले तरी ४० मधून ३० मधल्या टीव्हीच्या ८००९ क्रमांकाच्या दाराकडे जाणारा रस्ता उघडलेला नव्हता. छपाईसाठी ६३१ क्रमांकाचे दार लागते. तेव्हा प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारायचे: कोणाला कोणाचे नाव कळावे, आणि कोणाला कोणाकडे जाता यावे.

२ ऑगस्टला मुक्तिदिनाचे ध्वजवंदन झाल्यावर चहाच्या वेळी मी हे एका ज्येष्ठ विश्वस्तांना सांगत होते. त्यांना वाटत होते की या भिंती पाडाव्यात आणि पूर्वीसारखे करावे, मुलांवर विश्वास ठेवावा. मी बोलत असताना ते मधेच म्हणाले, "बाई, हा तर आमच्या रस्त्याचा खटला झाला." मुक्तिसंग्रामात सुधीर फडके होते हे आपण दर वर्षी मुलांना सांगतो. खटल्याचे मात्र आपण सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. दादरा आणि नगर हवेली हे दोन्ही भाग पोर्तुगीजांकडे होते, पण ते एकमेकांना लागून नाहीत. मध्ये भारताची भूमी आहे, आजही दोहोंमध्ये गुजरातचा पट्टा आहे. दमणहून इकडे यायचे तरी भारतातूनच यावे लागे. १९५४ च्या जुलैत भारताने हा रस्ता बंद केला. त्याच जुलै-ऑगस्टमध्ये आपला प्रदेश मुक्त झाला. पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यासाठी पोर्तुगालला त्या रस्त्याने जाण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांच्यासाठी नव्हता. आणि १९५४ साली भारताने जे केले त्यात भारताने आपले कोणतेही कर्तव्य मोडले नाही. पुढे १९६१ साली आपला प्रदेश रीतसर भारतात सामील झाला.

हेगच्या न्यायाधीशांनी रस्ता सरसकट उघडा किंवा सरसकट बंद असे म्हटले नाही. कोण जाईल आणि कोण नाही याची यादी केली. विश्वस्तांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मग तुम्हीही यादी करा." नवा स्विच घेण्याला मंडळाने त्याच महिन्यात मंजुरी दिली. पालकांच्या देणगीतून तो आला, त्याबद्दल इथेच आभार मानते.

यादी करायला आम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर बसलो. स्विचमध्ये लिहायला दहा मिनिटे लागली, ठरवायला अडीच तास. आधी स्विचला एकूण सांगायचे की तू दवंडी पोहोचवणार आहेस. मग कोणत्या जाळ्यांत, ते सांगायचे. मग कोणत्या प्रकारची दवंडी आत घ्यायची आणि कोणती बाहेर द्यायची. प्रत्येक प्रकाराला ठरलेले नाव असते, छपाईचे वेगळे, टीव्हीचे वेगळे. जे यादीत नाही ते वेशीवरच थांबते. १० मधून बाहेर काहीही जाणार नाही, यावर वाद झाला नाही. ग्रंथालयाच्या प्रिंटरचे नाव २० आणि ४० मध्ये जावे, यावरही नाही. टीव्हींची नावे शिक्षकांच्या टॅबवर दिसावीत हे तर हवेच होते.

वाद झाला तो एकाच गोष्टीवर. संगणक कक्षातल्या मुलांना टीव्ही दिसावेत का? मी नाही म्हटले. मला क्रिकेटचा सामना आठवत होता. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या की मुले प्रयोगाची आकडेवारी संगणकावर मांडतात, ती त्यांनी स्वतः वर्गाला दाखवली तर काय बिघडते? दर वेळी पेन ड्राइव्ह घेऊन शिक्षकांच्या मागे फिरायचे का? संगणक शिक्षकांनी सुचवले की फक्त विज्ञान कक्षातल्या टीव्हीचे नाव २० मध्ये जाऊ द्यावे, बाकीचे नको. हे स्विचला सांगता येते. मी अजून होकार दिलेला नाही. पालकांना याबद्दल काय वाटते ते पुढच्या सभेत ऐकायला आवडेल.

नवा स्विच लागल्यावर एक गंमत झाली, ती मुलांसाठी लिहिते. जुना लेमूर बंद करायला आम्ही विसरलो. वेशीवर दोन माणसे बसली. एकाने दिलेली दवंडी दुसऱ्याने ऐकून परत दिली, ती पुन्हा पहिल्याने उचलली. विज्ञान कक्षाच्या टीव्हीला आपलेच नाव बाहेरून ऐकू आले. त्याला वाटले, या नावाचा आणखी कोणी आहे. अशा वेळी या यंत्रांना वाद घालण्याची सवय नाही, ती स्वतःच नाव बदलतात. त्याने आपले नाव "विज्ञान कक्ष (२)" करून घेतले. मग तेही परत आले. तो (३) झाला. दुपारपर्यंत तो (१७) झाला होता आणि शिक्षक यादी सरकवत बसले होते. जुना संगणक बंद केला, टीव्हीला त्याचे जुने नाव हाताने परत दिले, तेव्हा कुठे तो शांत झाला.

आता माझ्या चुकीकडे येते. सहाही टीव्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी प्रार्थनेनंतर मी त्या दोन मुलांची सर्वांसमोर क्षमा मागितली. त्यांना सर्वांसमोर उभे केले होते, म्हणून क्षमाही सर्वांसमोर मागितली. आईंना फोन केला, त्या मोकळेपणाने बोलल्या. वडिलांना फोन लागला तेव्हा ते दुसऱ्या पाळीला निघाले होते. मी म्हटले, "भाऊ, तुमचा मुलगा खरे बोलत होता, चूक माझी होती, तुमची अर्धी पाळी गेली." ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, पोरगं मला घरी पण हेच सांगत होतं. मी म्हटलं, शाळा सांगते म्हणजे खरं असेल. मी मारलं त्याला."

मला यावर काही बोलता आले नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते.

त्यानंतर मी एक पद्धत घालून घेतली आहे. जाळ्यात कोणताही बदल होणार असला तर तो होण्याच्या आदल्या दिवशी शिक्षक खोलीच्या फळ्यावर लिहिला जातो: कोणता मजला, कोणता क्रमांक, काय दिसेनासे होऊ शकते. आणि वर्गात एखादे यंत्र दिसेनासे झाले तर मुलांना विचारण्याआधी फळा पाहायचा. परवानगीच्या यादीची एक प्रत स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. विश्वस्तांपैकी कोणालाही ती केव्हाही पाहता येईल.

त्या दोघांपैकी एक मुलगा आता संगणक शिक्षकांच्या मागे मागे असतो. मी बोलावले नव्हते, तरी गेल्या सोमवारी तो स्वतःहून माझ्या खोलीत आला. दारात उभा राहून त्याने विचारले, "मॅडम, संध्याकाळी वीज जाऊन आली की ग्रंथालयाचा प्रिंटर आमच्या यादीत दहा-बारा मिनिटं येत नाही. टीव्ही लगेच येतात. असं का?" मी म्हटले मला माहीत नाही. आम्ही दोघे कपाट उघडायला गेलो, आणि किल्ली ग्रंथपाल बाईंकडे असल्यामुळे ते काम मंगळवारवर गेले.